कपाळावरची बॅटरी

“ताई, हा खाणीतला माणूस का हो?”

पॅसेजमधला दिवा दोन दिवस लुकलुकत होता, म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं. मेन बंद केलेला, त्यामुळे भरदुपारीही तिथं अंधार. तो स्टुलावर चढून बोर्ड उघडत होता. कपाळाला इलॅस्टिकच्या पट्ट्यानं बांधलेली छोटी बॅटरी, हातात स्क्रूड्रायव्हर, दोन स्क्रू ओठांत धरलेले. मान वळवली तेव्हा त्याच्या कपाळावरचा उजेड समोरच्या भिंतीवर गेला, तिथल्या चित्राच्या काचेवर फुटला आणि मग आत शिरून चेहऱ्यावर थांबला. त्यानं स्क्रू तोंडातून काढले आणि विचारलं. मी खाली त्याची पक्कड धरून उभी होते. “नाही, डोक्याला बॅटरी दिसतेय ना,” तो म्हणाला, “आणि तोंड असं कोळशानं माखलंय. दमलेला वाटतो बिचारा.”

“हो, तसंच काहीसं,” मी म्हटलं.

एक भाग जळालाय, तो मिळाला की पुढच्या आठवड्यात येतो, तोवर जोडून ठेवलंय, एवढं सांगून तो गेला. मी मात्र तिथंच घोटाळत राहिले. चित्र अश्वत्थाम्याचं होतं. चार महिने त्याच्यात घातले होते. लोकांनी ते पाहिलं होतं, पुष्कळ वेळ पाहिलं होतं, आणि कुणाचीही अशी गफलत झाली नव्हती. आता लक्षात येतं, कशी होणार? प्रत्येकाला मी आधी नाव सांगत होते, मग चित्राकडे नेत होते. ‘अश्वत्थामा’ म्हटलं की आपल्याकडे माणसाचा चेहरा लगेच गंभीर होतो. मग समोर काहीही असो, तो त्यात जखम पाहतो, शाप पाहतो, आणि “बापरे” म्हणतो. या माणसाला मी काही सांगितलं नव्हतं. आणि नंतरही सांगितलं नाही. ‘तसंच काहीसं’ हे माझं नरो वा कुंजरो वा. धर्मराजाचा रथ तेवढ्यासाठी चार बोटं खाली आला होता. माझा आधीपासूनच जमिनीवर, त्यामुळे काही जाणवलं नाही.

हा माणूस डोक्यात शिरला तो लहानपणी पाठ केलेल्या श्लोकातून. ‘अश्वत्थामा बलिर्व्यासो’ म्हणताना यादीत पहिलं नाव त्याचं. सात चिरंजीव, त्यात हा पहिला, म्हणजे वर्गात पहिला आलेला असणार अशी माझी समजूत. मग कधीतरी तेल मागणाऱ्याची गोष्ट ऐकली. नर्मदेच्या काठाला, शूलपाणीच्या झाडीत, सातपुड्यात तो फिरतो, कपाळावर न भरणारी जखम, परिक्रमेतल्या एखाद्याला गाठून जखमेवर घालायला तेल मागतो आणि दिसेनासा होतो. श्लोक आणि गोष्ट यांतला माणूस एकच आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कळलं तेव्हा पहिला विचार आला तो अगदी बाळबोध: मग रोज सकाळी आपण हे नाव घेतो ते आशीर्वाद म्हणून, की कुणीतरी त्याची आठवण ठेवावी म्हणून?

चारकोलमध्येच काढायचं हे मात्र पहिल्यापासून पक्कं होतं. रंगात तो मला दिसतच नव्हता. चारकोल कसा बनतो ते पाहिलंय का कधी? विलो नावाच्या झाडाच्या बारीक फांद्या सोलून डब्यात दाटून भरतात, डबा बंद करून आगीत ठेवतात. आत हवा गेली तर राख. हवा नाही गेली तर कोळसा. म्हणजे जाळायला घेतलेलं, पण पुरतं जळू न दिलेलं लाकूड. काडी कागदावर ओढली की बारीक किरकिर ऐकू येते, आणि वाळलेल्या फांदीसारखी ती कधीही, नको तेव्हा, मोडते. दाबून, डिंकासारखं काही घालून केलेला कॉम्प्रेस्ड चारकोल वेगळा. तो काळाभोर, जड, आणि एकदा बसला की सहज निघत नाही. विलोचा काळा त्याच्यापुढे मऊ, किंचित करडा, फुंकर मारली तरी उडणारा. मी २२ बाय ३० इंचांचा जाड कागद बोर्डावर चिकटवला आणि आधी तो सगळा काळा करून टाकला. आडव्या धरलेल्या काडीनं, मग चिंधीनं, मग पुन्हा काडीनं. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. नाकातलं काळं तिसऱ्या दिवशीपर्यंत निघत होतं.

या पद्धतीत चित्र उलटं चालतं. एरवी पांढऱ्यावर काळं काढतो, इथं काळ्यातून पांढरं उचलायचं. मळून मऊ होणारा तो राखाडी रबर असतो, त्याचं टोक करून कागदावर दाबायचं आणि उचलायचं. घासायचं नाही. दाबलं, उचललं, की तेवढी जागा उजळते. भुवईचं हाड, नाकाची कड, गालाच्या खाली उतरलेली सावली असं एकेक अंधारातून वर यायला लागतं. आमचे सर सांगायचे, हातात पांढरा खडू घ्यायचाच नाही, पांढरं कागदाकडून मागून घ्यायचं. आणि बोट लावायचं नाही. कातडीचा तेलकटपणा कागदाला लागला की तिथं कोळसा नीट बसत नाही, डाग उठतो. तेव्हा निमूट ऐकलं. या चित्राच्या वेळी ते आठवून हसू आलं. जन्मभर तेल मागत फिरणाऱ्याचं चित्र, आणि त्याला तेलाचं एवढं वावडं.

पहिल्या महिन्यात मी त्याला मण्यासकट काढत होते. मणी अजून कपाळावर आहे, काही घडलेलं नाही, द्रोणाचा लाडका मुलगा आहे, एवढंच. त्यामुळे कपाळाच्या मधोमध मी रबरानं भरपूर उजेड उचलला. दाबलं, उचललं, समाधान होईना, मग घासलं. सरांनी नको म्हटलेलं सगळं केलं. कागद तिथं गुळगुळीत झाला, धागे बसले, चमकायला लागला. त्याच सुमारास मी महाभारतातलं सौप्तिकपर्व वाचायला घेतलं आणि मणी असलेला अश्वत्थामा मला काढवेना.

त्या पर्वाची सुरुवातच चारकोलमधली आहे. युद्धाचा १८ वा दिवस संपलाय, दुर्योधन मांडी मोडून पडलाय, आणि उरलेले तिघे, अश्वत्थामा, त्याचा मामा कृप आणि कृतवर्मा, रानात एका मोठ्या वडाखाली येऊन टेकलेत. मामा आणि कृतवर्मा जमिनीवरच झोपी जातात. याला झोप नाही. वडावर कावळे निवांत झोपलेत, आणि तेवढ्यात एक घुबड लपतछपत येतं आणि त्यांना मारत सुटतं. कुणाचे पंख, कुणाच्या माना, कुणाचे पाय. झाडाखाली कावळ्यांचा सडा. तो हे सगळं बघतो आणि त्याला वाटतं, मला कुणीतरी शिकवण पाठवली. मी त्या पानावर किती वेळ अडले होते, सांगता येणार नाही. काळ्या रात्री काळ्या झाडावर काळे पक्षी, आणि त्या अंधारात नीट दिसणारा एकटाच, घुबड. ते घुबड दिसलंच नसतं तर, हा विचार येतोच. पण दिसलेलं घुबड शिकवण म्हणून घ्यायचं की नुसतं घुबड म्हणून सोडून द्यायचं, हे बघणाऱ्याच्या हातात असतं. मामानं त्याला परोपरीनं सांगितलंही होतं, झोप, सकाळी बघू.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. माहीत आहे असं वाटतं, खरं तर. मला ठाऊक होतं ते ‘पाच मुलांना झोपेत मारलं’ एवढं एक वाक्य. मुळात ते वाक्यात संपत नाही. धृष्टद्युम्न जागा होतो आणि म्हणतो, निदान शस्त्रानं मार. हा शस्त्र उचलत नाही, टाचांनी तुडवून मारतो. मग तंबूमागून तंबू. अंधारात उठलेल्यांना कळत नाही आपला कोण, परका कोण, ते एकमेकांनाच मारतात. जे पळून दारापर्यंत पोहोचतात त्यांच्यासाठी दारात मामा आणि कृतवर्मा उभेच. आणि मग ते दोघं शिबिराला तीन ठिकाणी आग लावतात, त्याला आत नीट दिसावं म्हणून.

त्या आगीच्या उजेडात त्याचा चेहरा कसा दिसला असेल, हे मी काढायचं टाळलं.

तरी प्रयत्नच केला नाही असं नाही. चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी काळ्यात, मी पाच उंचवटे काढले होते. पांघरूण घेऊन झोपलेली माणसं लांबून दिसतात तसे, नुसते टेकाडासारखे. खांद्याच्या जागी रबरानं हलकीशी कड उचललेली. दोन दिवस ते तिथं होते. चित्र वाईट दिसत होतं, नजर सारखी खाली ओढली जात होती, चेहऱ्याकडे जाईना. तिसऱ्या दिवशी चिंधी घेतली आणि कोपऱ्यावरून फिरवली. एकदा फिरवली आणि गेले, पाचही. हाताला काही लागलंसुद्धा नाही. मी मागे सरकून पाहिलं आणि मनात आलं ते शब्दशः असं: आता बरं झालं. नंतर हात धुताना बेसिनमध्ये काळं पाणी उतरत होतं तेव्हा त्या ‘बरं झालं’चा अर्थ लागला आणि नळ तसाच चालू ठेवून मी जरा वेळ उभी राहिले.

कॅथे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीची आठवण त्या काळात फार यायची. तिच्या चित्रांचे छापील नमुने मी बोर्डाशेजारी टाचून ठेवले होते. १९३३ सालचं तिचं एक चारकोलमधलं स्वतःचं चित्र आहे, बाजूनं पाहिलेलं, चित्र काढत असलेलं. चेहरा आणि हात व्यवस्थित, आणि त्यांच्यामधला दंड म्हणजे काडी आडवी धरून जोरात वर-खाली मारलेला एक नागमोडी फराटा. बस. सबंध हात त्या फराट्यात आहे. तिचा धाकटा मुलगा १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या महायुद्धात गेला, भरती होऊन काही आठवडेच झाले होते. त्याच्यासाठी करायला घेतलेली शिल्पं १९३२ मध्ये कुठे जागेवर उभी राहिली. त्यातही मुलगा नाही, आई आणि बाप आहेत, गुडघ्यांवर. मारणाराही त्यात नाही. ती उरलेल्यांचं काढत राहिली. मी मात्र मारणाराच निवडला होता आणि वर त्याला दमलेले डोळे दिले होते.

आता कपाळाकडे येते, कारण इलेक्ट्रिशियनची बॅटरी तिथं लागली आहे.

मणी काढून टाकायचा ठरल्यावर त्या जागी जखम करणं भाग होतं. जखम म्हणजे खळगा, खळगा म्हणजे काळं. साधा हिशेब. मी काडी लावली, ती घसरली. कॉम्प्रेस्ड लावला, तो ठिपक्याठिपक्यांनी बसला, सगळीकडे बसेना. घासून गुळगुळीत झालेला कागद कोळसा धरत नाही, त्याला धरायला दाणाच राहिलेला नसतो. अंगठ्यानं दाबून पाहिलं. तेलकट डाग पडला. अखेर चिडून मी उलटं केलं, जागा पुन्हा उजळली, आणि करडी दिसत होती म्हणून तिच्यावर पांढरा खडू लावला. खडू! आणि मग स्वतःला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला, एक गोष्ट सांगायला सुरुवात केली: ‘चारकोलमध्ये काढून घेतलेली जागाच उजळते, म्हणून मी जखम उजळ ठेवली आहे.’ ऐकायला किती छान. सांगता सांगता माझा इतका विश्वास बसला की तो अपघात होता हे मी विसरून गेले. चुकीला अर्थ चिकटवला की ती शैली होते, ही सोय चित्रकलेत फार जुनी आहे. त्या माणसाला अर्थ सांगितला गेला नाही, म्हणून त्याला जे होतं ते दिसलं. काळ्या तोंडाच्या कपाळावर लागलेला पांढरा दिवा.

खडूवरून आणखी एक. आदिपर्वात द्रोण भीष्मांना आपली गरिबी सांगतो तेव्हा या मुलाच्या लहानपणची एक आठवण सांगतो. श्रीमंतांची मुलं दूध पिताना पाहून हा रडतो, तर ती मुलं त्याला पीठ कालवलेलं पाणी देतात. तो पितो आणि नाचतो, मी दूध प्यालो, मी दूध प्यालो, आणि सगळे त्याच्याभोवती हसतात. बापाला ते सहन झालं नाही, तो द्रुपदाकडे गेला, आणि तिथला अपमान पुढे कुठवर गेला ते आपण वाचतोच. खोटं पांढरं आणि खरं पांढरं. हे मला आधीपासून ठाऊक होतं, पाठ होतं, आणि तरी मी त्याच्या कपाळाला खडू फासला. पिठाचं पाणी पुन्हा एकदा, या वेळी माझ्या हातून.

आणि गंमत अशी की जखम मुळात आहे का, तर तिथंही गोंधळच. मी वाचलेल्या सौप्तिकपर्वात मणी कुणी उपटत नाही. ब्रह्मशिर अस्त्राचा प्रसंग होतो, आणि तो स्वतःच मणी काढून देतो. मणी साधा नाही. तो असेपर्यंत शस्त्राचं, रोगाचं, भुकेचं भय नाही. शाप वेगळाच, ३००० वर्षं एकट्यानं भटकशील, अंगाला पू आणि रक्ताचा वास येईल, बोलायला कुणी मिळणार नाही. म्हणजे जखम एका जागी नाही, सगळ्या अंगभर आहे. भागवतात वेगळं: तिथं अर्जुन तलवारीनं केसांसकट मणी कापून घेतो. आणि त्याआधी, त्याला बांधून समोर आणल्यावर, द्रौपदी म्हणते सोडा त्याला, मी रडतेय तशी याची आई रडायला नको. महाभारतातली द्रौपदी उपाशी बसून त्याच्या मण्याचा हट्ट धरते आणि तो युधिष्ठिराच्या मस्तकावर पाहिल्यावर उठते. मला दोघीही खऱ्या वाटतात. कदाचित एकाच रात्रीत दोघीही होऊन गेल्या असतील. पण तेलाची वाटी घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांनी जखम कपाळावरच ठेवली, मणी होता नेमकी तिथं. लोकांना बरोबर कळतं. अंगभर वास येणाऱ्या माणसाला मदत करता येत नाही. कपाळावरच्या एका जखमेवर तेल घालता येतं.

तेव्हा ‘हो, तसंच काहीसं’ मी का म्हटलं? नुसतं सांगत बसायचा कंटाळा म्हणून नाही. खाणीतला माणूस म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं, हे खरं कारण. खाणकामगाराच्या तोंडावरचं काळं त्याच्या कामाचं असतं, आंघोळ केली की जातं. तो खाली जातो तो कुणाला मारायला नव्हे. त्या एका प्रश्नात माझ्या अश्वत्थाम्याची सगळी पापं धुतली गेली होती, आणि मी ती धुऊ दिली. त्याहून टोचलं ते हे की, तो चेहरा खाणकामगाराचा म्हणून खपून गेला. त्यात असं काहीच नव्हतं की बघणाऱ्यानं म्हणावं, नाही, हा दुसराच कुणीतरी आहे. अर्थात, नसतंच तसं काही चेहऱ्यात. झोपलेली पोरं मारून आलेला माणूसही दमलेलाच दिसत असणार.

चित्रावर मी फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा, मारलेलं नाही. मारलं की टोन बदलतात, मऊ करडे गडद होतात, म्हणून हातच आखडला. काचेच्या फ्रेममध्ये घातलं की झालं, असं वाटलं. चारकोल हा बहुतेक कार्बनच. ऊन लागून रंग जाईल ही भीती त्याला नाही. फ्रान्समध्ये शोवे नावाच्या गुहेत १९९४ मध्ये जी चित्रं सापडली, त्यांतले कोळशानं काढलेले गेंडे आणि घोडे ३०,००० वर्षांहून जुने आहेत आणि काळे ते काळेच आहेत. चिरंजीव म्हणावा असाच पदार्थ. फक्त जिथं ठेवला तिथं राहणं त्याच्या स्वभावात नाही.

पुढच्या आठवड्यात तो भाग घेऊन आला. मेन बंद, कपाळाला बॅटरी, स्टूल. या वेळी काम पटकन झालं. उतरता उतरता त्याचा उजेड पुन्हा फ्रेमवर गेला, या वेळी खाली, तळाशी.

“ताई, हे सांडतंय बघा.”

मी वाकून पाहिलं. चित्राभोवतीच्या पांढऱ्या माउंटच्या, म्हणजे जाड कागदाच्या चौकटीच्या, खालच्या काठावर, काचेच्या आत, एक बारीक काळी रेघ साचली होती. कुणी जोरात दार लावलं असेल, भिंत हादरली असेल, बोर्डावर ठोकठोक झाली असेल, दर वेळी थोडा थोडा झडलेला. मघाच्या ठोकण्यानं आणखी दोन-चार कण त्या रेघेवर येऊन बसले होते, त्याच्या बॅटरीत ते स्पष्ट दिसत होते.

“अश्वत्थामा आहे तो,” मी म्हटलं. एकदाचं सांगून टाकलं.

“तेल मागतो तो?”

“हो.”

तो स्टूल उचलायचं थांबला. चित्राजवळ गेला, कपाळावरची बॅटरी बंद केली आणि अंधारातच जरा वेळ बघत राहिला.

“मग त्याला बॅटरी कशाला दिलीत?”